बुरशी झटकली तरी विष दाण्यातच राहतं: भिजलेल्या मक्याचं काय करायचं

दादा, आधी तातडीचं सांगते. का, ते नंतर सवडीने वाचा. हिरवी किंवा पिवळसर हिरवी पूड बसलेली कणसं आजच वेगळी काढा. ती गाईला नकोत, कोंबड्यांना नकोत आणि घरात तर मुळीच नकोत. उरलेला ढीग आत्ताच फोडा आणि पातळ पसरा. ढिगावर कुठलंही औषध मारू नका.

तुम्ही कळवलेली परिस्थिती मला अशी समजली. वैजापूर तालुक्यात तीन एकर खरीप मका, अंदाजे ७० क्विंटल. कांद्याचं रोप तयार होतं, वावर मोकळं करायची घाई होती, म्हणून मका थोडा हिरवट असतानाच सोंगला. ताटं वावरात आडवी असताना चार दिवस परतीचा पाऊस लागला. मग कणसं मोडून ढीग लावला, वर काळा कागद टाकला आणि आठ दिवसांनी उचलला, तर आतून वाफ आणि आंबूस वास. काही कणसं पांढरी-गुलाबी, काहींवर हिरवी पूड, काहींची टोकं काळी. जो थोडा मका मळून बाजारात नेला त्याला व्यापाऱ्याने मीटर लावलं, २१ टक्के ओल निघाली, आणि बुरशीचा माल बघून त्याने तोंड फिरवलं. तुमचे प्रश्न चार: ऑगस्टमध्ये पानांवर करपा होता, त्याचीच ही बुरशी का? धुऊन वाळवला तर गाईंना चालेल का? आजी म्हणतात आम्ही असाच मका खाल्ला, काही झालं नाही, ते खरं का? आणि ढिगावर काय मारू?

मी वनस्पतिरोगशास्त्र शिकले, बरीच वर्षं बांधावर जाऊन सल्ला देण्याचं काम केलं आणि आता पशुखाद्याच्या कारखान्यात येणारा कच्चा माल तपासते. म्हणजे शेतातलं कणीसही मी पाहिलंय आणि त्याच कणसाचा भरडा गाडीतून उतरल्यावर काय निघतं तेही रोज पाहते. या दोन टोकांमध्ये जे होतं ते शेतकऱ्याला कुणी नीट सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून उत्तर लांबणार आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. बुरशी हा जीव आहे. ऊन लागलं, औषध लागलं, की ती मरते. पण तिने दाण्यात जे सोडलं ते रसायन आहे. त्याला जीवच नाही, मग ते मरणार कसं? तुम्ही दाणे धुतलेत, चोळलेत, कडक उन्हात टाकलेत, तर पूड निघून जाईल, दाणा स्वच्छ दिसेल, वासही जाईल. विष आतच राहील. फवारणीचं तेच. बुरशीनाशक मारून तुम्ही बुरशी माराल, विषाला धक्काही लागणार नाही आणि वर धान्यावर आणखी एक विष चढेल. म्हणून चौथ्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही असं आहे. दुकानदार काही देऊ करेल, घेऊ नका.

या विषांपैकी सगळ्यात घातक ते अफ्लाटॉक्सिन. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे लाखभर पक्षी पटापट मेले. आधी साथ वाटली. शोध घेतल्यावर कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. त्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती, आणि तिच्याच नावावरून विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणायला लागले. आज ते माणसात यकृताचा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या सर्वांत वरच्या गटात आहे, ज्यांच्याबद्दल शंका उरलेली नाही अशा गटात. मोडतं ते अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास. तवा तापून लाल झाला तरी भाकरीच्या आतल्या भागात ओल असेपर्यंत तापमान शंभराच्या फार पुढे जात नाही. म्हणजे भाकरी करा, घुगऱ्या करा, कण्या शिजवा, विष ताटात येतंच.

आता आजींचा प्रश्न. आजी खोटं बोलत नाहीत, हे मी मनापासून म्हणते. पण त्यांच्या वेळचा मका कसा वाळायचा ते त्यांनाच विचारा. घरापुरता मका असायचा. कणसाची सालं मागे ओढून त्यांचीच वेणी घालून ती आढ्याला टांगायचे, खाली चूल. महिनाभर धूर आणि ऊब लागायची. सातपुड्यातल्या घरांमधून अशी टांगलेली कणसं मी स्वतः पाहिली आहेत, दाणा दाताखाली फोडला तर कट्‌ असा आवाज येतो. तो मका आणि काळ्या कागदाखाली आठ दिवस उकडलेला मका एक नव्हे.

आणि जुन्या काळी काही झालं नाही, असंही नाही. १९७४ च्या पावसाळ्यानंतर राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल या शेजारशेजारच्या जिल्ह्यांत, मुख्यतः भिल्ल वस्त्यांमधून, माणसं काविळीने आजारी पडायला लागली. डोळे पिवळे, मग पोटात पाणी भरून पोट फुगायचं, आणि काही आठवड्यांत मरण. जवळपास दीडशेहून अधिक गावांत हे पसरलं. नोंद झालेले रुग्ण ३९७, मृत्यू १०६. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला. संसर्गाची कावीळ असती तर ती घरोघर कशीही पसरली असती. इथे आजार त्याच घरांत होता जिथे तो मका खाल्ला गेला होता, आणि त्या घरांतलं उष्टं खाणारी कुत्रीही तशीच पोटं फुगून मरत होती. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला होता, मका भिजला होता, आणि आधीची वर्षं दुष्काळाची असल्याने घरात दुसरं धान्य नव्हतं. त्या मक्यात किलोला ६,२५० ते १५,६०० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघालं. आपल्याकडे आज तृणधान्यांसाठीची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे चारशे ते हजार पट.

ती गावं नंदुरबारपासून लांब नाहीत. पाऊस तसाच, मका तसाच, भाकरी तीच. २००४ मध्ये केनियात पुन्हा तेच झालं: ३१७ आजारी, १२५ मृत्यू, तिथेही घरचाच, ओला साठवलेला मका. प्रत्येक भिजलेल्या ढिगात इतकं विष असतं असं मी म्हणत नाही, बहुतेक वेळा नसतं. पण थोडं विष रोज पोटात गेलं तर ते कळत नाही. लगेच उलटी नाही, जुलाब नाहीत, आणि यकृत मात्र वर्षानुवर्षं सोसत राहतं. खाल्लं आणि काही झालं नाही हा पुरावा म्हणूनच धरता येत नाही.

१५ मायक्रोग्रॅम किती, याचा अंदाज घ्या. तुमचा ७० क्विंटल मका एकत्र धरला, तर कायद्याच्या मर्यादेइतकं विष त्यात सगळं मिळून एक दशांश ग्रॅम होईल. चिमटीच्या टोकावर मावेल इतकं मीठ, सत्तर क्विंटलमध्ये. आता दुसरा हिशोब बघा, कारण तपासणीतला सगळा घोळ त्यातच आहे. खूप बाधलेल्या एकेका दाण्यात हे विष किलोमागे लाख मायक्रोग्रॅमच्या पातळीवर, कधी त्याहूनही वर असू शकतं. मक्याचा एक दाणा साधारण ०.३ ग्रॅमचा. लाखाच्या पातळीचा एक दाणा म्हणजे ३० मायक्रोग्रॅम विष. तेवढा एक दाणा दीड किलो स्वच्छ मक्यात पडला, तर तो दीड किलो मका २० मायक्रोग्रॅमवर जातो. मर्यादेच्या बाहेर. एका दाण्यामुळे!

म्हणून मूठभर दाणे उचलून प्रयोगशाळेत नेले तर अहवाल नशिबावर जातो. एकाच गाडीच्या पुढच्या आणि मागच्या गोण्यांतून मी नमुने काढले आणि एक मर्यादेत, दुसरा कितीतरी पट वर असं कित्येकदा पाहिलंय. नमुना द्यायचाच असेल तर पंधरा-वीस ठिकाणांहून, वरून, मधून, तळातून, परखी (गोणीत खुपसून दाणे काढायची टोकदार नळी) घालून थोडं थोडं काढा, असं चार-पाच किलो जमवा, सगळं दळा, ते पीठ नीट मिसळा आणि मग त्यातला भाग द्या. आख्खे दाणे दिले तर वरचे चार उचलून दळतील आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळेल. काही व्यापारी निळा-जांभळा दिवा लावून बघतात, भरड्यात हिरवट पिवळी चमक दिसली की माल नाकारतात. तो दिवा विष दाखवत नाही, त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका पदार्थाची चमक दाखवतो. चमक दिसली तर संशय धरावा हे बरोबर, पण चमक नाही म्हणून माल निर्धोक असं धरू नये.

आता तुमच्या फोटोतली कणसं. ज्याच्यावर शेवाळी हिरवी, पिवळसर झाक असलेली पूड आहे, तीही बहुधा टोकाकडे किंवा अळीने पोखरलेल्या जागी, तो ॲस्परजिलस फ्लेव्हस. पांढरी-गुलाबी कापसासारखी आहे ती फ्युजेरियम. हिचा एक दाणा तळहातावर घेऊन उन्हात धरा. बुरशी दिसत नसली तरी दाण्याच्या माथ्यावर एका बिंदूपासून बारीक पांढऱ्या रेघा फाकलेल्या दिसतील, चांदणीसारख्या. त्या रेघा दिसल्या की बुरशी सालीखालून फिरून गेली असं समजायचं. ही फ्युमोनिसिन नावाचं वेगळं विष करते. घोडा आणि डुक्कर यांना ते फार बाधतं, घोड्याचा तर मेंदूच नासतो. आपल्या दख्खनच्या पठारावरही याचा अनुभव आहे: १९९५ मध्ये कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्रातल्या काही गावांत पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब झाले, आणि धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. निळसर हिरवी, दाण्याच्या कोंबापाशी बसलेली असते ती पेनिसिलियम, ओल्या साठवणीची खूण. काळी टोकं आहेत ती बहुधा काजळीसारखी वरवरची बुरशी, पाऊस लागला की येतेच; त्यातल्या त्यात कमी काळजीची. पण काळी भुकटी हाताला भरभरून लागत असेल तर तेही कणीस बाजूला टाका.

रंगावरून ओळखता येतं म्हणजे रंगावरून सुटका होते असं नाही. एकाच कणसावर दोन-तीन बुरशा असतात, आणि स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकतं. निवडण्याने धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून तुमच्या ढिगातला जो भाग मधोमध होता, जिथे हात घातल्यावर चटका लागत होता, त्या भागातली कणसं दिसायला बरी असली तरी मी घरच्या जात्यावर घेणार नाही.

करप्याचं थोडक्यात सांगते. पानांवरचा करपा आणि कणसावरची बुरशी ही दोन वेगळी कुळं आहेत. करप्याने पान जळतं, दाणा बारीक राहतो, उतारा घटतो, पण करप्याची बुरशी दाण्यात ही विषं करत नाही. पानांवर गंजासारखे ठिपके आणणाऱ्या तांबेऱ्याचंही तसंच. १९७० साली अमेरिकेत करप्याच्या एका प्रकाराने देशातला सुमारे १५ टक्के मका खाल्ला, कारण बहुतेक संकरित वाण एकाच मातृवंशाचे होते. ते नुकसान पैशाचं होतं, विषाचं नव्हतं. संबंध आहे तो आडवळणाने: करप्याने झाड दमलं की खोडकूज लवकर धरते, ताट कोलमडतं, कणीस जमिनीला टेकतं, आणि जमिनीत तर या सगळ्या बुरशा बसलेल्याच असतात. ऑगस्टमध्ये तुम्ही करप्यावर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारलंत ते चुकलं नाही. त्याचा या ढिगाशी फारसा संबंध नाही, इतकंच.

मग चूक कुठे झाली? तुम्ही स्वतःला दोष देत आहात ते वाचून मला राहवलं नाही म्हणून सांगते. पावसाला कुणाचा इलाज नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर आपल्या भागात उभ्या कणसांना कोंब फुटलेले सगळ्यांनी पाहिले. खरं नुकसान झालं ते त्या काळ्या कागदाखालच्या आठ दिवसांत. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता आणि पाणी सोडतो. ओली कणसं ढिगात कोंडली की ती वाफ कागदाला लागून परत कणसांवर ठिबकते. ढीग तापतो. पंचवीस ते पस्तीस अंश आणि भरपूर ओल, ॲस्परजिलसला आणखी काय हवं? कागद फक्त पाऊस पडत असताना टाकायचा, आणि तेव्हाही बाजू उघड्या ठेवून, मध्ये बांबू किंवा खाट घालून हवा खेळती ठेवून. पाऊस थांबला की दहा मिनिटांत कागद बाजूला. रात्री दव पडू नये म्हणून झाकायचं तर गोणपाट किंवा ताडपत्री, घट्ट नाही.

आता हातात असलेल्या मालाचं काय करायचं ते सांगते.

तोंडाला ओला रुमाल बांधा, घरात कुणाला दमा असेल तर त्याला या कामापासून लांब ठेवा, ती पूड छातीत जाते. कणसं सोललेली असताना, मळणीच्या आधी, निवडा. हे महत्त्वाचं आहे, कारण मळणीयंत्रात गेलं की एक बाधित कणीस चारशे-पाचशे दाणे होऊन सगळ्या गोण्यांत विखुरतं, मग ते कुणालाही वेचता येत नाही. तीन वाटे करा. हिरवी पूड, गुलाबी कापूस, अळीने पोखरून सडलेली टोकं, कोंब फुटलेली, असा पहिला वाटा सरळ बाद. ढिगाच्या गरम गाभ्यातली पण दिसायला बरी, तो दुसरा. कडेची, कोरडी, स्वच्छ, तो तिसरा. दोन मजूर बायका दिवसभर बसवल्या तर त्यांची मजुरी जाईल, पण व्यापाऱ्याने सगळ्या मालाचा भाव पाडण्यापेक्षा ती कमीच आहे.

वाळवताना कणसंच वाळवा, दाणे नंतर. ओला दाणा मळला की फुटतो, आणि फुटका दाणा म्हणजे बुरशीला उघडं दार. जमिनीवर थेट टाकू नका. ताडपत्री किंवा शेणाने सारवून वाळवलेलं खळं. एकाच थरात, दर दोन तासांनी पालटत. २१ टक्क्यांचा मका १४ टक्क्यांवर आला तर क्विंटलमागे आठ किलो वजन कमी होतं, आणि ते बघून शेतकऱ्याचा जीव तुटतो, मला माहीत आहे. पण ते आठ किलो पाणी होतं, आणि त्या पाण्याचा भाव व्यापारी तसाही देत नाही, उलट ओलीच्या नावाखाली आठच्या जागी बारा किलो कापतो. सरकारी खरेदीचा निकषही १४ टक्क्यांचाच आहे. विकायचं असेल तर तिथवर आणा, घरात चार-सहा महिने ठेवायचं असेल तर १२-१३ वर.

मीटर नसेल तर एक साधी युक्ती आहे. काचेची बरणी घ्या, आतून पूर्ण कोरडी. चार चमचे मीठ तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या. बरणीत तळहातभर दाणे आणि ते मीठ घालून झाकण लावा, मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन द्या. मीठ मोकळं खाली बसलं तर भरायला हरकत नाही. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. आणि आठवड्यातून एकदा गोणीत कोपरापर्यंत हात घाला. आत बाहेरच्यापेक्षा ऊब लागली तर ती गोणी त्याच दिवशी ओता आणि वाळवा.

गाईंचं मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण तिथे फक्त तुमचा प्रश्न नाही. चार संकरित गाई, दूध संकलन केंद्रावर जातं. अफ्लाटॉक्सिन गाईच्या पोटात गेलं की त्याचा एक ते तीन टक्के भाग, जास्त दूध देणाऱ्या गाईत त्याहूनही थोडा अधिक, रूप बदलून दुधात उतरतो. त्याला एम-१ म्हणतात. हिशोब करून बघा: किलोला १०० मायक्रोग्रॅमचा मका रोज पाच किलो घातला, तर पोटात गेले ५००. त्यातले दोन टक्के म्हणजे १० मायक्रोग्रॅम, १५ लिटर दुधात. लिटरला ०.६७. आपल्याकडे दुधासाठीची मर्यादा ०.५ आहे. आणि किलोला १०० चा मका डोळ्यांना अगदी साधा दिसतो, कधीकधी चांगलासुद्धा. दूध उकळून हे जात नाही, दही-पनीरातही ते राहतं. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात देशभरातले ६,४३२ नमुने तपासले, त्यात ३६८ नमुन्यांत एम-१ मर्यादेच्या वर निघालं. लोक पाणी आणि युरियाची चर्चा करत होते. तेव्हा हे अफ्लाटॉक्सिन गोठ्यातल्या दावणीतून आलं होतं. आणि दूध सर्वांत जास्त पितं कोण? ज्यांची यकृतं अजून लहान आहेत ती मुलं.

गाय मरत नाही म्हणून शेतकऱ्याला वाटतं पचलं. रवंथ करणाऱ्या जनावरांना मोठी मात्रा सोसते खरी, पण दूध घटतं, माज लांबतो, गाय वारंवार आजारी पडते, आणि कारण सापडत नाही. कोंबड्या त्याहून नाजूक, बदकं तर सर्वांत नाजूक. तुम्ही या आठवड्यात गाईंना तो मका भरडून घातला असेल तर आज बंद करा. चांगली बाजू ही की विष थांबलं की तीन-चार दिवसांत दुधातून जवळपास निघून जातं. तेवढे दिवस ते दूध घरच्या मुलांना देऊ नका, आणि शक्य असेल तर केंद्रावरही घालू नका.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न येईल तो टॉक्सिन बाइंडरचा. ही मुख्यतः बेंटोनाइटसारखी माती असते. ती अफ्लाटॉक्सिनला आतड्यात धरून शेणावाटे बाहेर नेते. चांगल्या खाद्यात नकळत आलेल्या थोड्या विषासाठी तिचा उपयोग आहे, आम्हीही वापरतो. पण फ्युजेरियमच्या विषांवर ती फारशी चालत नाही, आणि बाद मका खपवण्यासाठी तर ती नाहीच. तिसऱ्या वाट्यातला मका गाईंना घालाल तेव्हा पशुवैद्यकांना विचारून प्रमाणात द्या. दुसरा वाटा तपासल्याशिवाय दुभत्या गाईंपुढे नको. मक्याचा कडबाही उलगडून बघा. भिजून काळा-पांढरा झालेला भाग दावणीत टाकू नका.

विक्रीबद्दल. दुसरा वाटा वाळवून, तो भिजलेला आहे असं सांगून विका. भाव कमी मिळेल. बाद वाटा चांगल्यात मिसळून खपवण्याचा सल्ला तुम्हाला बाजारात कुणीतरी देईलच. इथेनॉलला गेला तर काय बिघडतं, असंही म्हणतील. दारूत विष उतरत नाही हे खरं, पण मळीसारखा जो चोथा उरतो, ज्याला डीडीजीएस म्हणतात, त्यात ते साधारण तिपटीने दाटतं आणि तो चोथा पशुखाद्य म्हणून परत गोठ्यातच येतो. स्टार्चच्या कारखान्यातही तसंच, स्टार्च बऱ्यापैकी स्वच्छ निघतो आणि विष कोंड्यात व ग्लुटेनमध्ये जातं. मी ज्या टेबलावर बसते तिथे ते पुन्हा माझ्यासमोर येतं.

पुढच्या खरिपासाठी चारच गोष्टी, कारण बाकीचं तुम्हाला येतं. फ्लेव्हस बुरशी शेतात शिरते ती तुरा आणि केस निघाल्यापासून दाणे भरेपर्यंतच्या उन्हाच्या ताणात; ऑगस्टमध्ये उघडीप पडली तर बाकी कशाचं पाणी तोडा पण तेव्हा मक्याला एक पाणी द्याच. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्याकडे आली तेव्हापासून कणसात शिरणाऱ्या अळ्यांनी बुरशीला वाटा करून दिल्या आहेत, त्यामुळे पोंग्यातली (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतली) अळी सुरुवातीलाच आवरणं हे या विषावरचंही औषध आहे. वाण निवडताना उताऱ्याइतकंच कणसाचं टोक बघा: सालं टोकापर्यंत घट्ट मिटलेली हवीत, दाणे उघडे पडणारी नकोत. आणि सोंगायच्या आधी मधल्या चार-पाच कणसांचे दाणे उपटून त्यांचं बूड बघा. तिथे काळा ठिपका आला असेल तर दाणा भरला. नसेल तर कांद्याचं रोप आठवडाभर थांबवा. काळ्या ठिपक्याच्या वेळीही ओल तीस टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून आकाश मोकळं असेल तर कणीस उभ्या ताटावरच आणखी वाळू द्या.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट राहिली. बाद केलेली कणसं तुम्ही बांधाला ओतणार. सोंगणी झाल्यावर सरवा वेचायला बायका येतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि मालकाने टाकलेलं कणीस त्या आनंदाने उचलून नेतील, घासून पुसून दळतील. त्या घरात दुसरं धान्य असेलच असं नाही. तेव्हा ती कणसं बांधाला नकोत. लांबच्या कोपऱ्यात खड्डा घ्या, कणसं टाका, वर शेणाचा काला ओता म्हणजे कुणी उचलणार नाही, मग हातभर माती लोटा. आणि बायका आल्या की तिसऱ्या वाट्यातली टोपलीभर कणसं त्यांना द्या आणि खड्ड्यात काय टाकलंय तेही सांगा.